पंडिता रमाबाई : जन्माचे पाप आणि माणसाचे कर्तृत्व

कल्याणला जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या ठाणे-कल्याण भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्यांच्याच नात्यातील आणि त्यांच्याच काळातील दुसऱ्या एका स्त्रीविषयी विचारले, तर वर्गातील एखाद-दुसराच हात वर येतो. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाईंनी धर्म न बदलता परदेशी विद्या घेतली. रमाबाईंनी विद्याही घेतली आणि धर्मही बदलला. एकीची मिरवणूक निघाली, दुसरीला समाजाने वाळीत टाकले.

आपण स्वतः धर्मांतर केलेल्या समाजाची माणसे आहोत. म्हणून ज्या स्त्रीने आपल्या आधी सत्तर वर्षे धर्म सोडला, तिने तो का सोडला, नव्या धर्मात तिला काय मिळाले आणि तेथेही तिला कोणाशी झगडावे लागले, हे आपण समजून घेतले पाहिजे. हा लेख लिहायला एक लहानसे निमित्त घडले. माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील अपघातात गेले. सांत्वनाला आलेल्या एका बाईने तिला सांगितले की, मागच्या जन्मीचे काही पाप असेल, ते फेडावे लागते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला विचारू लागली की, जे पाप मला आठवतच नाही ते माझे कसे? बारा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न आहे. पण याच प्रश्नावर मोठमोठ्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षे वाद घातलेला आहे. रमाबाईंचे सारे आयुष्य या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

रानातले शिक्षण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, आणि ते नुसते मत नव्हते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे उभे राहून जाब द्यावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून मुलीकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले. पण लक्षात घ्या, अनंतशास्त्र्यांसारख्या सुधारक माणसानेही मुलीला पुराणे शिकविली, वेद शिकविले नाहीत. वेदाचे दार स्त्रीला आणि शूद्राला सारखेच बंद होते.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर फिरत होते. जवळ होते ते दानधर्मात संपले. १८७० नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. उपवासांनी आणि रोगराईने प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. या माणसांनी व्रते केली होती, उपास केले होते, मूर्तींपुढे दिवसचे दिवस बसून प्रार्थना केल्या होत्या. शास्त्रात सांगितलेले एकही पुण्यकर्म त्यांनी सोडले नव्हते. तरी अन्न मिळाले नाही. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी हजारो मैल चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. कर्मकांडाच्या पुण्यावरचा रमाबाईंचा विश्वास त्या वाटेवरच उडाला होता.

पदवी मिळाली, पण मुक्ती नाही

कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच एका ख्रिस्ती मंडळीच्या सभेला दोघे भावंडे गेली. सभेतील लोक प्रार्थनेसाठी वळून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले. या दोघांना वाटले, हे लोक खुर्चीचीच पूजा करतात! रमाबाईंची ख्रिस्ती धर्माशी पहिली ओळख अशी गमतीची झाली.

पुढे त्यांना पडदानशीन स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने देण्यास सांगण्यात आले. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचले. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा वेदही वाचले. या वाचनातून जे कळले ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. हे ग्रंथ बहुतेक बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: स्त्री मग ती उच्च जातीची असो की नीच मानलेल्या जातीची, ती जातीनेच पापी आहे, पुरुषाप्रमाणे तिला मोक्ष नाही, पतीला देव मानून तिने सेवा करावी आणि पुढचा जन्म बरा मिळण्याची वाट पाहावी. शूद्रालाही जवळजवळ हाच नियम. त्याच्याहून खाली ढकललेल्यांना तर तेवढीही आशा नाही.

वाचकहो, एका ब्राह्मण स्त्रीने संस्कृत ग्रंथ मुळातून वाचून काढलेला हा निष्कर्ष आहे. १९२७ साली महाडला मनुस्मृती का जाळली गेली, याचे उत्तर रमाबाईंच्या या अनुभवातही सापडते.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू ब्राह्मण नव्हते. शास्त्राच्या हिशेबाने ते शूद्र. रमाबाईंनी जात अशी कृतीने तोडली. सिल्चरला त्यांचा संसार झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. आता समाजाच्या दृष्टीने हे वैधव्य म्हणजे त्यांच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ! नवरा मेला तो पटकीने, पण गुन्हेगार ठरते त्याची बायको. माझ्या विद्यार्थिनीला सांत्वन करणारी बाई आणि तेव्हाचा हा समाज, यांच्या बोलण्यात फरक तो काय?

पुणे, वाँटेज आणि बाप्तिस्मा

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला.

त्या काळात एक गोष्ट घडली आणि तिने त्यांचे मन वळविले. लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनींनी चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिले, अशा स्त्रिया तेथे राहत होत्या आणि मठातील भगिनी त्यांची मायेने सेवा करीत होत्या. रमाबाईंनी असे दृश्य आयुष्यात कधी पाहिले नव्हते. अशा बाईला आपल्याकडे गावाबाहेर काढतात. येथे तिला जवळ घेतात. हे कोणी शिकविले, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. यहुदी लोक शोमरोनी लोकांचा विटाळ मानीत. त्या जातीच्या आणि वर बदनाम असलेल्या स्त्रीकडे येशूने विहिरीवर पाणी मागितले. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या अंगात भिनला आहे, त्या तुम्हाआम्हाला या गोष्टीतील पाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढले ते प्रथम सिद्धांताने नव्हे, तर सत्कर्माने. बुद्धीच्या शंका फेडायला नीळकंठशास्त्री गोरे यांचे लेखन उपयोगी पडले. गोरे हे काशीतले शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मांडीवरच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला.

मूळ पाप म्हणजे काय?

येथे थोडे थांबू. अडीच वर्षांच्या मनोरमेने कोणते पाप केले होते, म्हणून तिला पाण्याने धुवायचे? हा प्रश्न समजून घेतल्याशिवाय रमाबाईंची पुढची धडपड कळणार नाही.

ख्रिस्ती धर्मात असे मानतात की, पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली आणि तेव्हापासून मानवजात बिघडली. पण बिघडली म्हणजे किती बिघडली? यावर त्यांच्यात मोठा मतभेद आहे. उत्तर आफ्रिकेत हिप्पो नगरात ऑगस्टीन नावाचा बिशप होऊन गेला (३५४–४३०). त्याचे म्हणणे, आदामाचा दोष प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येते. माणसाची इच्छा इतकी दुबळी झाली आहे की, देवाच्या कृपेवाचून तो चांगल्याकडे वळूच शकत नाही. त्याच काळात ब्रिटनमधून आलेला पेलागियस हा साधू याच्या उलट शिकवीत होता. आदामाचे पाप आदामाचे. मूल निर्दोष जन्मते. चांगले की वाईट हे निवडण्याची शक्ती माणसात आहे, म्हणून तर त्याला जबाबदार धरता येते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसचे मत अमान्य केले. ऑगस्टीनची बाजू पश्चिमेकडच्या चर्चमध्ये टिकली. पूर्वेकडच्या चर्चने मात्र असे मानले की, आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपणा मिळाला, त्याचा अपराध नव्हे.

हजार वर्षांनी वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ साली इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. दुसऱ्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने तिचे खंडन केले. माणूस केवळ विश्वासाने तरतो, सत्कर्माने नाही. सत्कर्म हे तरलेल्या माणसाच्या हातून आपोआप घडते, झाडाला फळ येते तसे, असे ल्यूथरचे मत. रोमन कॅथॉलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली उत्तर दिले: सुरुवात देवाच्या कृपेने होते हे खरे, पण माणसाची इच्छा मेलेली नाही, ती कृपेला साथ देते आणि विश्वासाबरोबर सत्कर्मही लागते. आपल्या वसई-ठाण्याकडचे जुने कॅथॉलिक शेजारी या परंपरेतले. रमाबाईंनी जेथे बाप्तिस्मा घेतला त्या इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे आहेत. त्यांत नववे कलम जन्मपापावर, दहावे इच्छास्वातंत्र्यावर, अकरावे विश्वासाने नीतिमान ठरण्यावर आणि बारावे सत्कर्मावर आहे. म्हणजे हा सारा वाद त्यांच्या पुढ्यात कलमवार मांडलेला होता.

दुसरा झगडा

रमाबाईंनी ही सारी कलमे डोळे मिटून मान्य केली असती, तर त्यांची गोष्ट येथेच संपली असती. पण तसे झाले नाही. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. तेथील प्रमुख डोरोथिया बील आणि वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. वाचकांनी तो अवश्य पाहावा.

त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. अथनेशियसच्या नावावरचा धर्ममतांचा मसुदा न मानणाऱ्याचा सर्वनाश सांगतो. तो मसुदा त्या स्वीकारीनात. बायबलात स्वतः वाचून जे कळेल तेवढेच मानीन, असा त्यांचा आग्रह. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे भारतातील बिशपांनी सुचविले. तेव्हा हा निर्णय माझा मी घेईन, अशी त्यांची भूमिका राहिली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. मांसाहार तर त्यांनी केला नाहीच. भगिनी जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंचे म्हणणे इतकेच की, भटजींच्या हुकमतीतून ज्या कष्टाने बाहेर पडले, त्याच कष्टाने पाद्र्यांच्या हुकमतीत जाऊन बसण्यासाठी मी आले नाही.

इच्छास्वातंत्र्याचा सिद्धांत पुस्तकात काहीही असो, रमाबाईंनी तो जगून दाखविला. धर्म बदलणे ही एक निवड आहे, आणि बदललेल्या धर्मात विचार करीत राहणे ही रोजची निवड आहे. आपल्यापैकी किती जण ही दुसरी निवड करतात?

इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेचा भडिमार चालला होता. तेव्हा त्यांची बाजू उघडपणे कोणी घेतली? महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंचे समर्थन केले. संस्कृत शिकलेली ब्राह्मण स्त्री धर्मग्रंथ वाचूनच धर्म सोडते, याचा अर्थ जोतीरावांनी बरोबर ओळखला होता.

शारदा सदन ते मुक्ती

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात कल्याणच्या आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. एक धर्म राखलेली, दुसरी धर्म सोडलेली, पण दोघी एकाच सभागृहात. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. त्यांचे वय तेव्हा बावीसही नव्हते. रमाबाईंनी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, देशभर व्याख्याने दिली आणि बोस्टनला उभारलेल्या मंडळाच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. महर्षी कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे मुलींना आपापले जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती. आपल्या माय-बहिणींचे नाव त्या पहिल्या योजनेत नव्हते. रमाबाईंचे मोठेपण सांगताना ही मर्यादा झाकण्याचे कारण नाही.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात नवी उलथापालथ झाली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. कित्येक वर्षे पाद्री असूनही आपण खरे ख्रिस्ती नव्हतो, असे त्याला एके दिवशी व्यासपीठावरच उमगले होते. रमाबाईंना वाटले, आपलेही तसेच आहे. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त घेतला नाही. बाप्तिस्म्याने, प्रार्थनेने, सत्कर्माने पाप फिटेल असे आपण धरून चाललो. म्हणजे जुनीच कर्मकांडे नव्या नावाने केली. आता त्यांची खात्री झाली की, तारण ही कमाई नसून देणगी आहे. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

यापुढे त्या उघडपणे आपली श्रद्धा सांगू लागल्या. आपल्या खोलीत दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत. काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. केसरीने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. कोणत्याही मुलीवर सक्ती करणार नाही, पण आपण होऊन येणारीला हाकलणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका कायम राहिली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने आपले आईवडील दुष्काळात पुरले, ती घरात कशी बसणार? मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी सरकारवर वृत्तपत्रातून उघड टीका केली. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आणलेल्या मुलींना पुण्यापुढे दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे ठेवले आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आता जातीचा प्रश्न उरला नव्हता. भुकेलेल्या मुलीची जात कोण विचारतो? शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करीत. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले ते घर केडगावच्या माळावर उभे राहिले.

शेवटची कितीतरी वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. खेड्यातील बाईला कळावे हा त्यांचा हेतू होता. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंत काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे वळू. जन्मतः पापी ठरविणाऱ्या एका धर्मातून निघून ही विदुषी जन्मतः पापी मानणाऱ्या दुसऱ्या धर्मात कशी गेली? मला हे कोडे पुष्कळ दिवस सुटले नव्हते. उत्तर असे दिसते. ख्रिस्ती मूळ पाप सर्वांना सारखे आहे. राजा, भिकारी, पुरुष, स्त्री, बिशप आणि फुलहॅमची पतिता, सारेच एका रांगेत. कर्मविपाकाचे पाप मात्र वाटून दिलेले असते. ब्राह्मणाच्या वाट्याला पुण्य, शूद्राच्या आणि स्त्रीच्या वाट्याला पाप, आणि अस्पृश्याच्या वाट्याला सर्वात जास्त. जी जन्मभर एकटीच गुन्हेगार ठरली, तिला सर्वांबरोबर गुन्हेगार ठरणे ही देखील सुटका वाटली. तिची ती सुटका खरी होती. तिची टिंगल करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी प्रश्न आणखी मुळापासून सोडविला. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत त्यांनी मुक्तीचा मार्ग कोणता, हाच प्रश्न आपल्या समाजापुढे ठेवला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासली आणि बुद्धाच्या शिकवणुकीत तिला जागा नाही असे दाखविले. अशा कल्पनेने गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून उतरते व गरिबाच्याच माथी बसते, हा तिच्यातील कावा त्यांनी उघड केला. मूल आईबापांकडून रंगरूप घेते, पाप घेत नाही. धम्मात आदामाचे पाप नाही, मागच्या जन्मीचे नाही आणि तारून नेणारा दुसरा कोणी नाही. वाईट आपण करतो, शुद्धही आपणच होतो. अंगुलिमालाने हातातील शस्त्र टाकले ते स्वतःच्या निर्णयाने. सुनीत भंग्याला संघात घेताना भगवंतांनी त्याच्या मागच्या जन्माची चौकशी केली नाही.

मात्र हे वाचून आपण फुशारून जाऊ नये. सत्कर्माने तारण होत नाही असे मानणाऱ्या रमाबाईंनी दोन हजार जिवांना अन्न, अक्षर आणि हाताला काम दिले. सारे काही आपल्याच हाती आहे असे मानणाऱ्या आपण किती जणांना दिले? पंचशील म्हणून झाल्यावर आपल्या चाळीतील विधवेच्या मुलीची फी कोणी भरली? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अजून नशिबाची भाषा का ऐकू येते? सिद्धांत उंच आणि हात खिशात, हे धम्माला शोभत नाही.

त्या मुलीला मी इतकेच सांगितले की, तुझ्या वडिलांना अपघाताने नेले, तुझ्या कोणत्याही पापाने नाही. जे तू केले नाहीस त्याची तू देणेकरी नाहीस. ती काही बोलली नाही. वही उघडून बसली. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून तिच्या वर्षाच्या पुस्तकांची सोय केली. सांत्वन म्हणून मला याहून मोठे काही सुचले नाही.

कल्याणहून पुण्याकडे आणि पुढे दौंडकडे गाडीने जाताना केडगाव स्टेशन लागते. रमाबाईंची संस्था आजही तेथे काम करते आहे. कधी जाणे झाले तर मुलांना खिडकीतून ते स्टेशन दाखवा आणि सांगा, तुझा जन्म हेच तुझे पाप असे एका बाईला सांगितले होते. तिने ते मानले नाही.

जयभीम!